चकाकी मोडेपर्यंत

बिरूतात्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजव्या हातावर मात्र दोघांना पुरतील एवढे आहेत. डावा हात ते दर रविवारी स्वतः भादरतात, कारण सोमवारी त्याच्यावर प्रयोग असतो. सकाळी साडेसातला ते ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे असतात तेव्हा त्या हातावर चार चौकोन रंगवलेले असतात. एक तपकिरी, एक गुलाबी, एक फिकट पिवळा, एक कोरा. प्रत्येकावर पारदर्शक चिकट प्लास्टिकचा एकेक तुकडा. समोर येईल त्याच्यापुढे ते हात करतात आणि म्हणतात, "ओढा."

डॉक्टर असो, झाडणारी मावशी असो, ऑक्सिजनचे सिलिंडर आणणारा ड्रायव्हर असो, ओढावंच लागतं. ओढल्यावर तात्या डोळे मिटून म्हणतात, "गुलाबी घट्ट. तपकिरी सैल. मागल्या सोमवारपरीस आज हवेत वल जास्त हाय." मग दिवस सुरू होतो.

मी बारामतीतल्या या हॉस्पिटलची ओटी इन्चार्ज सिस्टर. दोन थिएटरं, नऊ माणसं, आणि रोजची ऑपरेशनची यादी, असा माझा संसार. माझं सगळं आयुष्य याद्यांवर चालतं. घरी फ्रीजवर एक, पर्समध्ये एक, ओटीच्या भिंतीवर एक. आणि गेली अकरा वर्षं माझ्या यादीतली प्रत्येक वेळ ज्यांनी चुकवली ते हे बिरूतात्या, आमचे ओटी असिस्टंट, मुक्काम कळस, तालुका इंदापूर.

त्यांच्या कामाचा भाग असा. ऑपरेशनच्या जागी आधी जंतुनाशक औषध लावतात. त्यावर ते पारदर्शक चिकट ड्रेप बसवतात आणि सर्जन त्याच्यातूनच चिरा घेतात. ड्रेप कातडीला घट्ट बसला तर आजूबाजूच्या कातडीवरचे जंतू जखमेत जात नाहीत. कडेनं सुटला की आत जायला वाट मोकळी. आता गंमत अशी की जंतू मारणारं औषधच ड्रेपला चिकटू देत नाही, निदान ओलं असेपर्यंत तरी. पाण्यातलं तपकिरी आयोडीन सगळ्यात आळशी, वाळायला वेळ घेतं आणि वाळलं तरी त्याचा थर पाण्यानं सुटतो. स्पिरिटातलं गुलाबी लवकर वाळतं, पण त्यालाही तीन मिनिटं लागतात, आणि ते ओलं असताना विजेच्या सुरीची ठिणगी पडली तर पेट घेऊ शकतं. हे सगळं पुस्तकात आहे. तात्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. ते त्यांना पंक्चरमधून कळलं.

हॉस्पिटलात येण्याआधी तात्या इंदापूरला हायवेच्या कडेला पंक्चर काढायचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. मग मेंढरं गेली, थोडी शेती राहिली आणि तात्या टायरकडे वळले. ओटीत नव्यानं आलेल्या प्रत्येक माणसाला ते सांगतात, "ट्यूब खरवडायची. सोलुशन लावायचं. आन् हात बांधून गप उभं ऱ्हायचं. गिऱ्हाईक बोंबलतंय, बोंबलू द्या. सोलुशनची चकाकी मोडली की मग ठिगळ. चकाकी असताना ठिगळ लावलं तर गाडी पळसदेवच्या पुढं जात न्हाय."

ओटीतही त्यांचं शास्त्र तेच. औषध लावलं की ते मोठ्या दिव्याखाली मान तिरकी करतात आणि कातडीकडे बघतात. ओली कातडी चकाकते. वाळली की मंद होते. तोवर ड्रेपला कुणी हात लावायचा नाही. सर्जन म्हणतात, "तात्या, चला." तात्या म्हणतात, "वाळू द्या." सर्जन घड्याळाकडे बघतात, मी यादीकडे, भूलतज्ज्ञ छताकडे. ड्रेपला ते ड्रेप म्हणत नाहीत. पापुद्रा म्हणतात.

हा नाद ओटीपुरता असता तर मी काही लिहिलं नसतं. पण मागच्या मतदानाला कळसच्या शाळेत त्यांच्या बोटाला शाई लावली आणि तात्या टेबलासमोरून हलेनात. मागं पन्नास माणसांची रांग. अधिकारी म्हणाले, "आजोबा, पुढं सरका." तात्या बोट वर धरून म्हणाले, "वल्ली हाय. मशीनला लागंल." तिथं त्यांना सांभाळून घ्यायला कुणी सिस्टर नव्हती, म्हणून त्यांच्या भावकीतल्या दोघांनी त्यांना उचलून मशीनपाशी नेलं. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाले, "पर बोट मी वरच धरलं हुतं."

एकदा एक कंपनीचा प्रतिनिधी नवा ड्रेप घेऊन आला. टाय, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम झकास. म्हणाला, "हा कोणत्याही त्वचेवर बसतो."

तात्या म्हणाले, "कुठल्याबी?"

"कोणत्याही."

"वल्ल्या?"

"ओल्यासुद्धा."

"मग काढा शर्ट."

मी मध्ये पडायच्या आत शर्ट निघालेला होता. तात्यांनी त्याच्या छातीचा एक भाग रंगवून नीट वाळवला, दुसरा ओलाच ठेवला आणि दोन्हींवर पापुद्रा बसवला. प्रतिनिधी बोलतच होता. बोलता बोलता ओल्या बाजूचा पापुद्रा आपोआप सुटून त्याच्या हातातल्या टायवर येऊन बसला. "ही बघा तुमची वल्ली," तात्या म्हणाले. "आता वाळल्याली बघू." आणि ओढला. तो आवाज खाली अपघात विभागात ऐकू गेला. पुढच्या महिन्यापासून तो माणूस नमुने खाली रिसेप्शनवर ठेवून परस्पर जातो.

पेशंटही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. सकाळी वॉर्डात जाऊन ते चौकशी करतात. जेवण नाही, औषधं नाही, फक्त कातडी. काटेवाडीच्या एक बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला आल्या होत्या. घरी दहा म्हशी, अंगानं दणकट.

"मावशी, पायाला त्याल लावलं?"

"न्हाय बा."

तात्यांनी पोटरीवर बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. "मग ह्ये काय गिरीस हाय?"

"आरं, शहरात यायचं म्हणून जरा हात फिरवला."

"जरा? मावशी, तुमचा पाय धरला तर निसटतोय. पापुद्रा काय झाडावर बसवू?"

बाई हसून लोटपोट. त्यांच्या सुना बाहेर घाबरून बसल्या होत्या आणि आत सासूबाई हसत होत्या. तात्यांनी मग स्वतः साबणानं दोन वेळा पाय धुवून घेतला. त्या दिवशीची माझी यादी पंचवीस मिनिटं उशिरा धावली.

जुने सर्जन हे सगळं चालवून घ्यायचे. ते निवृत्त झाले आणि डॉ. पराग सर आले. वय अडतीस, हात सोन्याचा, पाय चाकाचा. सकाळी चार ऑपरेशनं आणि दुपारी ओपीडी. पहिल्याच दिवशी औषध लावून झाल्या झाल्या त्यांनी हात पुढे केला. "ड्रेप."

"वाळू द्या, सर."

"गॉझनं टिपून घ्या."

"टिपलं तर वरचं टिपलं जातं. गुडघ्यामागच्या वळीतलं तसंच ऱ्हातं."

"तात्या, तीन मिनिटांत माझा चिरा घेऊन झालेला असतो."

"व्हय सर. आन् पापुद्रा सुटून पण झाल्याला असतो."

ओटीत कुणी हसलं नाही. मास्क असतात, म्हणून निभावतं.

असं आठ आठवडे चाललं. मग सर माझ्या टेबलाशी आले. शांतपणे म्हणाले, "सिस्टर, माणूस प्रामाणिक आहे, मला मान्य. पण मला वेगानं काम करणारा माणूस हवा. पहिल्या तारखेपासून त्यांना स्टोअरला द्या. ड्युटी लिस्ट तुम्हीच बनवता ना?"

बनवते मीच. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटलंही. अकरा वर्षं उशीर लिहून लिहून माझ्या पेनाची निब झिजली होती. तात्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. स्टोअरमध्ये खुर्ची होती, पंखा होता, उभं राहणं नव्हतं. मी त्यांना बोलावून नीट समजावून सांगितलं.

सगळं ऐकून ते म्हणाले, "स्टोअरात काय वाळवू मी?"

"तात्या, आराम मिळेल तुम्हाला."

"आराम घरी लय हाय, सिस्टर." एवढं बोलून ते गेले. पुढच्या सोमवारी हातावर चौकोन होते, पण "ओढा" म्हणाले नाहीत. मी स्वतःहून ओढला. गुलाबी घट्ट होता.

पहिल्या तारखेला पाच दिवस होते तेव्हा तात्या पडले. उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावरून त्यांची मोटारसायकल घसरली आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. आमच्याकडेच आणलं. डॉ. पराग सरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "उद्या सकाळी पहिली केस. तारेनं बांधू." तात्यांनी मान हलवली. ज्या माणसानं आपल्याला ओटीतून काढलं त्याच्याच हाती गुडघा द्यायचा होता. त्यांनी फक्त विचारलं, "पापुद्रा कोण बसवणार?"

"मी," मी म्हणाले.

"तुमी लय दिवसात बसवला न्हाय."

"अकरा वर्षांत मला संधी कुठं दिलीत?"

सकाळी सात वाजता मी यादी घेऊन वॉर्डात गेले. नखं कापली, हो. कवळी नाही. अंगठी काढली. उपाशी आहेत. संमतीपत्रावर नातेवाइकाची सही, ही जागा रिकामी.

"कोण आलंय सोबत?"

"येतील मागनं."

"कोण?"

तात्यांनी खिडकीकडे बघितलं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, हे मला माहीत होतं. मुलगी सांगोल्याला दिलेली आहे, हेही. कर्मचाऱ्यांची सगळी माहिती माझ्या फाइलीत असते. "मुलीला कळवलं का?"

"न्हाय. तिची म्हस व्यायला झालीया. ती हितं आली तर म्हशीपाशी कोण?"

मी साक्षीदाराच्या जागी माझी सही केली आणि गुडघा तपासायला चादर बाजूला केली.

गुडघा पिवळाधमक होता.

भंडारा. ताजा, कोरडा, भरपूर. अंघोळीनंतर लावलेला, त्यामुळे सुजलेल्या गुडघ्याच्या घडीत, नडगीवर, पार मांडीपर्यंत हळदीची भुकटी बसली होती. आमच्या वॉर्डात हे नवीन नाही. त्यांच्या समाजातला पेशंट असला की घरातलं थोरलं माणूस ऑपरेशनच्या आधी बिरोबाचा भंडारा दुखऱ्या जागेवर लावतं. आई असते, आत्या असते, कधी चुलता असतो. आम्ही काही न बोलता पुसतो. भुकटीवर कुठलंच औषध नीट बसत नाही, मग ड्रेपचं तर नावच नको. आणि हे ज्याला अख्ख्या पुणे जिल्ह्यात सगळ्यात जास्त ठाऊक असेल, तो माणूस गुडघा पिवळा करून माझ्यासमोर पडला होता.

"तात्या!"

"व्हय."

"हे काय आहे?"

"भंडारा."

"तो भंडारा आहे हे मला दिसतंय. पापुद्रा काय झाडावर बसवू?"

ते हसले नाहीत. मला वाटलं, चुकलंच बोलायला. मी पाण्याचं भांडं जवळ ओढलं. हात चालू असताना सहज विचारलं, "कुणी लावला? पहाटे कोण येऊन गेलं?"

ते छताकडे बघत म्हणाले, "मीच. पुडी खिशात हुती. रातभर इचार केला. आपला आपण लावल्याला चालतो का न्हाय, ह्ये कुणाला इचारावं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी ओल्या गॉझनं गुडघा पुसत राहिले, दोनदा, तीनदा, घडीत बोट घालून. पुडीत चिमूटभर उरलं होतं. माझं वय त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी कमी, आणि आमच्या घरचा देव वेगळा. तरी मी ती चिमूट घेतली आणि अंगठ्यानं त्यांच्या कपाळावर लावली. कपाळावर ड्रेप बसवायचा नव्हता.

"चालतो," मी म्हणाले. तात्यांनी डोळे मिटले.

ओटीत पाठीतून भूल दिली, म्हणजे तात्या कमरेखाली बधिर आणि वरून जागे. छातीपुढं हिरवा पडदा. मी गुलाबी औषध लावलं, मांडीपासून नडगीपर्यंत, मागून पुढून. डॉ. पराग सर हात पुढे करून उभे होते. मी ड्रेपचं पाकीट उघडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चालत होता.

पडद्यापलीकडून आवाज आला. "सर."

"बोला, तात्या. दुखतंय का?"

"न्हाय. मला हितनं दिसत न्हाय. चकाकी मोडली का?"

विचारणारा पेशंट होता, आणि पेशंटला खोटं सांगायची डॉ. परागांना सवय नाही. त्यांनी मोठा दिवा खाली ओढला, मान तिरकी केली आणि गुडघ्याकडे बघितलं. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच. वाटीवर कातडी मंद झाली होती. मग त्यांनी मला पाय उचलायला लावला आणि मागं बघितलं. तिथं, वळीत, औषधाची एक ओली रेघ काचेसारखी चमकत होती.

"नाही अजून," ते म्हणाले.

"मागची बाजू?"

"मागचीच."

"ती शेवटी वाळती," तात्या म्हणाले. आवाज थोडा कापत होता. भीतीनं असेल, एसीनं असेल. सर तिथंच थांबले. हात बांधून, गप. थोड्या वेळानं ते पडद्याकडे न बघताच म्हणाले, "तात्या, घाबरू नका. कुठलं गाव तुमचं?"

"कळस, सर."

"तिकडं आता ऊस की मका?"

आणि तात्या बोलायला लागले. मक्याचं, पाण्याचं, मुलीच्या म्हशीचं. मी घड्याळाकडे बघायचं विसरले. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं. मध्येच सरांनी पुन्हा वाकून बघितलं आणि मला खूण केली. मी ड्रेप बसवला. एकही सुरकुती नाही. शेवटचा टाका पडेपर्यंत एक कड उचलली नाही, हे मी मुद्दाम तपासलं.

ऑपरेशन संपल्यावर सर म्हणाले नाहीत की तात्या बरोबर होते. असं ते कधीच म्हणणार नाहीत. हातमोजे काढत त्यांनी एवढंच विचारलं, "सिस्टर, तुम्ही ती पहिल्या तारखेची लिस्ट दिलीत का वर?"

"नाही अजून."

"हे किती दिवस उभे राहू शकणार नाहीत?"

"ते तुम्ही सांगायचं, सर."

"सहा आठवडे." हातमोजे बादलीत टाकत ते म्हणाले, "स्टुलावर बसून वॉर्डातली तयारी करता येते का? अंघोळ, साबण, तेल वगैरे तपासणं?"

"येते."

"मग तसं लिहा. आणि सहा आठवड्यांनंतर परत ओटी. पण सिस्टर, तीन मिनिटं म्हणजे तीन. चार नाहीत."

मी तसं लिहिलं. तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मागच्या वळीला साडेतीन लागत्यात," आणि कूस बदलून झोपले. त्यांची मुलगी तिसऱ्या दिवशी आली, खरवसाचा डबा घेऊन आणि आम्हा सगळ्यांवर जाम रागावून. सगळ्यात जास्त माझ्यावर. बरोबरच होतं तिचं.

आता माझ्या यादीत एक रकाना वाढला आहे. नखं, कवळी, अंगठी, उपाशी, तेल, यांच्यानंतर मी लिहिलंय, 'सोबत कोण.' वर ऑफिसमध्ये विचारलं, हा कशाला? मी म्हणाले, लागतो.

ज्यांच्यापुढं हा रकाना रिकामा असतो त्यांच्याकडे तात्या आधी जातात. कुणी सांगितलेलं नाही. ज्याचा देव त्यांचाच त्याला कपाळावर भंडाऱ्याची चिमूट, ज्याचा वेगळा त्याच्यापाशी नुसतं बसणं, चौकशी, पाऊस, पाणी. सहा आठवडे होऊन ते ओटीत परतलेत, पण गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, म्हणून स्टूल काठीनं ढकलत ढकलत वॉर्डात फिरतात.

परवा मंगळवारी पळसदेवच्या एक आजीबाई होत्या. मुलगा परगावी, सून बाळंतीण, त्या एकट्याच एसटीनं आल्या होत्या. साडेआठला तात्या ओटीत आले तेव्हा मी त्यांचे हात बघितले. माझी ती सवयच आहे. सगळं स्वच्छ होतं, फक्त उजव्या अंगठ्याच्या नखात पिवळी रेघ राहिली होती.

"तात्या, हात."

"धुतल्यात की."

"पुन्हा."

ते नळाकडे वळले. मी मागं उभी राहिले आणि ब्रश त्यांच्या हातात दिला.